बोट चारची, जाई सांजेची

“अगं वहिनी, कळ्या वाळवतेस की भाजतेस?” नणंद बेया ओरडली.

मंजियाने जाईच्या कळ्या भर उन्हात पत्र्यावर पसरल्या होत्या. वाळवंटाकडून असा वारा सुटला होता की ला गुलेत बंदराच्या गल्लीतली मांजरंसुद्धा जीभ काढून पडलेली. एवढ्या आगीत आज तरी कळ्या लवकर उमलतील, असं तिला वाटलं. तिचा एकुलता एक लेक मेहरेज चारच्या बोटीने समुद्रापार मार्सेला कामासाठी चालला होता. उमललेला मश्मूम, जाईचा तुरा, हातात घेऊन त्याने उंबरा ओलांडावा, एवढंच तिचं म्हणणं.

जन्मभर ती दुपारी कळ्या खुडायची, गवताच्या काड्यांना दोऱ्याने बांधून मश्मूम करायची आणि सांजेला कॅफेंत विकायची. जाई कधी उमलते, हे तिला माहीत नव्हतं? होतं. पण लेक निघाला की आईला माहीत असलेलं काहीच नको असतं.

“सांज झाल्याशिवाय त्या तोंड उघडायच्या नाहीत,” बेया म्हणाली. “तुझ्या लेकासाठी दिवस लवकर मावळणार आहे काय?”

“तू गप गं!”

निम्म्या कळ्या करपल्या. उरलेल्यांतली एकही उमलली नाही. तिने घाईघाईने एक मश्मूम बांधला, मिटलेलाच.

“दे तसाच, यम्मा,” मेहरेज म्हणाला. “उमलेल की.”

“परक्यांत उमलेल रे.”

“उमलू दे. कळू दे त्यांना, मी कुणाचा ते.”

या देशाने पोरांना शिकवलं आणि काम दिलं नाही. बंदर मात्र झकास बांधलं. आयांना तिथे कुंपणापर्यंतच जाता येतं; पुढे वर्दीवाला खेकसतो, “मागे व्हा.”

घरी येऊन तिने उरलेल्या कळ्या बांधल्या. सांजेची अजान झाली आणि फोन वाजला.

“यम्मा, उमलला! सगळा!”

“गरम होतंय का रे तिथं?”

“गरम? बोटीत थंड हवेचं मशीन लावून बर्फ केलाय नुसता. मी स्वेटर घालून कुडकुडतोय, या मश्मूमला काही नाही. शेजारचा म्हातारा विचारतोय, अत्तर कुणी सांडलं?”

मंजियाने अंगणात पाहिलं. भिंत अजून तव्यासारखी तापलेली, आणि तिच्यावरच्या वेलीची न खुडलेली एकेक कळी उमलत होती. तिकडे बर्फ, इकडे आग. वेळ तीच.

“इथंपण,” ती म्हणाली. “आत्ताच. तुझ्याबरोबर.”

“काय? यम्मा, किनारा दिसेनासा झाला, रेंज जातेय, ऐकू…”

आवाज गेला.

बेयाने तिच्या पाठीवर हात ठेवला. “आज राहू दे कॅफे.”

“का? मेलंय का कुणी?”

मंजियाने मश्मूमांची परात उचलली, डोक्याचं फडकं घट्ट केलं आणि गल्लीत शिरताना रोजची आरोळी दिली. रोजच्यापेक्षा जरा मोठ्याने.