सातवं पान

"बाई, यातला एक कमी करा," तो म्हणाला. दोन खिळे तोंडात धरून बोलत होता, त्यामुळे मला वाटलं, खिळ्याबद्दलच काहीतरी म्हणतोय.

तो स्टुलावर उभा होता. पाटीचा एक कोपरा ठोकून झाला होता, दुसरा त्याने हाताने धरून ठेवला होता. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं होती. 'या खोलीत ११४३ मुलं आपली आपण वाचायला शिकली.' माझ्या निवृत्तीला दोन महिने उरले म्हणून वाचनालयाच्या मंडळींनी ती करून घेतली होती. वरवर मी "कशाला उगीच" म्हणत होते आणि सकाळपासून तिसऱ्यांदा ती पाटी पुसत होते.

"कमी कसा करू? अंदाजाने टाकलेला आकडा नाही तो. रजिस्टरमध्ये एकेकाचं नाव आहे. तुझंसुद्धा आहे."

"म्हणूनच म्हणतोय." त्याने खिळे तोंडातून काढून खिशात टाकले. "मगाशी तुम्ही पाटी वाचून दाखवलीत म्हणून कळलं. मला वाचता येत नाही, बाई."

मी हसले, चांगली खळखळून हसले. तो हसला नाही, तेव्हा माझं हसू मधेच कुठेतरी थांबलं.

आता मी कोण, ते सांगते. मला सगळे ठिपकेबाई म्हणतात. माझं खरं नाव बहुधा पगारपत्रकावरच उरलं असेल. एकतीस वर्षं मी वाचनालयातली मुलांची खोली सांभाळते. नुकती वाचायला लागलेली मुलं माझ्याकडे येतात आणि त्यांच्या पुस्तकांवर मी ठिपके लावते. एका ओळीचं पान असेल तर लाल, तीन-चार ओळींचं असेल तर पिवळा, चित्रापेक्षा मजकूर जास्त असेल तर हिरवा. लाल पुस्तक माझ्यासमोर बसून मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय पिवळ्या फळीला हात लावायचा नाही. आईबापांनी हातापाया पडून पाहिलं, पण मी बधले नाही. वाचून दाखवलं की रजिस्टरमध्ये नावापुढे ठिपका, मुलाच्या कार्डावर ठिपका आणि माझी शाबासकी. प्रत्येक रंगाचं परीक्षेचं पुस्तक एकच ठेवलं होतं, कारण सगळ्यांनी तेच वाचलं तर कोण कुठे अडखळतं ते बरोबर कळतं. ही माझी स्वतःची अक्कल. बाहेरगावच्या ग्रंथपालांना मी ती मोठ्या ऐटीत सांगत असे.

आणि पाटी ठोकणारा हा आमचा आधी-तू. हे नाव मीच ठेवलेलं. एकवीस वर्षांपूर्वी, सात वर्षांचा असताना, माझ्या टेबलापासून खिडकीपर्यंत लागणाऱ्या रांगेत तो यायचा आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचा, "आधी तू जा." धक्काबुक्की करणाऱ्या पोरांना मी त्याचं उदाहरण द्यायचे. शिका जरा त्याच्याकडून, म्हणायचे. परवा नवीन बुटक्या फळ्या करायला सुतार आला तो हाच निघाला, तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! तीन दिवस मी त्याला स्वतःच्या डब्यातलं खाऊ घालत होते.

"चेष्टा पुरे," मी म्हटलं आणि त्याच आठवड्यात आलेलं नवं कोरं लाल ठिपक्याचं पुस्तक त्याच्या हातात दिलं. "वाच."

तो स्टुलावरून उतरला. हात पँटला पुसले, पुस्तक उघडलं. बराच वेळ पाहत राहिला.

"एक मुलगी आहे. बादली आहे. बादलीत मासा असावा."

"चित्र नको सांगूस. खाली लिहिलंय ते वाच."

त्याच्या वरच्या ओठावर घाम आला. धडधाकट माणूस, अठ्ठावीस वर्षांचा, इंचाचा सोळावा भाग नुसत्या डोळ्याने ओळखणारा. पाच शब्दांच्या ओळीपुढे तो मान खाली घालून उभा राहिला. मी खुर्ची ओढली आणि बसले.

"अरे, पण लाल, पिवळा, हिरवा, तिन्ही पुस्तकं माझ्यासमोर वाचलीस तू!"

"म्हटली, बाई. वाचली नाहीत."

आणि तिथेच, फळीला टेकून, त्याने हत्तीचं पुस्तक म्हणून दाखवलं. आमचं लाल परीक्षेचं पुस्तक ते. हत्तीला झोप आली. पलंग लहान. गादी लहान. खोली लहान. पान उलटायच्या जागी थांबत, बोट हवेत फिरवत, शेवटपर्यंत. शेवटून दुसऱ्या पानावर तो जरा अडखळला.

"इथे मुद्दाम अडखळायचो," तो म्हणाला. "सगळेच अडखळायचे ना."

"पाठ केलंस? कधी?"

"रांगेत. दहाजण माझ्या आधी वाचायचे. दहा वेळा ऐकलं की येतंच की, बाई. अकरा पानं तर होती. पिवळं-हिरवंही तसंच, फक्त जास्त दिवस लागले. एखाद्या दिवशी नाहीच आलं नीट, तर पोट दुखतंय सांगून घरी जायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे उभा राहायचो."

आधी तू जा. माझ्या कानात ते इवलंसं गोड वाक्य वाजलं. ज्याला मी सभ्यपणा म्हणून मिरवलं, ते त्या पोराचं लपणं होतं. आणि लपायची जागा मीच करून दिली होती. एक टेबल, एक पुस्तक, एक रांग.

मला राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. "मला फसवलंस तू," मी म्हटलं. आवाज चढला होता.

तो कपाटापाशी गेला, लाल फळीवरून ते जुनं हत्तीचं पुस्तक काढून आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. रंगावरून आणि हत्तीवरून ओळखलं असणार. "यातलं सातवं पान बघा."

बघायची गरजच नव्हती. सातवं पान माझ्या हस्ताक्षरात आहे. मूळचं कुणीतरी टरकावलं होतं, तेव्हा मी जाड कागदावर निळ्या शाईने मजकूर लिहून ते चिकटवलं. हत्ती हौदात शिरला. पाणी बाहेर, हत्ती आत.

"तुम्ही ते चिकटवायच्या आधीची गोष्ट," तो म्हणाला. "त्या दिवशी पान नव्हतंच. माझ्या आधीच्या सगळ्यांनी सांगितलं, बाई, इथलं पान फाटलंय. तुम्ही म्हणालात, पुढचं वाच. मला पण तसंच करायचं होतं. पण आदल्या दिवशी पान होतं तेव्हाच पाठ झालं होतं, अन् पाठ केलेलं मधेच तोडता येत नाही, बाई. निघूनच गेलं तोंडातून. पाणी बाहेर, हत्ती आत. पान नाही, अन् मी वाचतोय."

पुढचं काय ते मला कळलं होतं आणि ते ऐकायचं नव्हतं.

"मला वाटलं, आता पकडणार. पण थोडं बरंपण वाटलं होतं. म्हटलं, सुटलो, आता बाई शिकवतील. तुम्ही रजिस्टरमध्ये लिहीत होतात. मान वर केली नाहीत. म्हणालात, शाबास."

खोलीत कुणी नव्हतं. घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. मला आठवेना तो दिवस. तो माझ्यासाठी इतर दिवसांसारखाच असणार. ठिपका लावला असेल, टोपण बंद केलं असेल, घरी जाऊन जेवले असेन.

"आणि शाळेत?" मी विचारलं. कुणावर तरी ढकलायला जागा शोधत होते, दुसरं काय.

"शाळेत पन्नास पोरं. सगळे एका सुरात म्हणायचे, मी तोंड हलवायचो. आणि तुमचा हिरवा ठिपका होता ना माझ्याकडे! गुरुजी म्हणायचे, याचं वाचन पक्कं आहे, याला कशाला उठवायचं? पुढे पुढे मार्क पडेनात, तर म्हणायचे, वाचता येतं पण आळशी आहे. आठवीत सुटलो आणि मामाच्या कारखान्यात गेलो."

माझा ठिपका. तो नसता तर कुणीतरी त्याला उठवून उभं केलं असतं, दोन छड्या मारल्या असत्या, पण कळलं तरी असतं. मी कपाळावर हात मारून घेतला. त्याने पटकन पाण्याची बाटली पुढे केली. त्याचंच मला वाईट वाटलं. पाणी त्याने का द्यावं मला?

"एकवीस वर्षं बोलला नाहीस. मग आजच का रे?"

"मुलगी सहा वर्षांची झाली," तो म्हणाला. "बायकोला माहीत आहे. तिला लग्नानंतर आठ दिवसांतच कळलं होतं, तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नाही. पण पोरीला मी रोज गोष्ट वाचून दाखवतो. म्हणजे चित्रं बघून रचतो. मागच्या आठवड्यात तिने ओळीखाली बोट ठेवलं अन् म्हणाली, बाबा, इथे असं नाहीये. तू चुकीचं वाचतोस." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "अजून तिला चुकीचंच वाटतंय. येत नाही, असं नाही वाटलेलं. आज चार वाजता ती इथे येणार आहे, लाल ठिपक्याला."

दोन्ही खिळे अजून त्याच्या खिशातच होते. "ठोकू का?" त्याने विचारलं.

"राहू दे. काढ ती पाटी."

चार वाजता मुलं आली. नेहमीसारखी रांग लागली, टेबलापासून खिडकीपर्यंत. एकतीस वर्षं मी रांगेचं तोंड पाहत आले, त्या दिवशी शेपूट पाहिलं. खिडकीपाशी चष्मा लावलेला एक मुलगा होता. मागून एक मुलगी आली, तशी तो बाजूला सरकला आणि हळूच म्हणाला, "तू जा आधी."

मी उठले, रांगेच्या शेवटी गेले आणि त्याचा हात धरून त्याला टेबलापाशी आणलं. हत्तीचं पुस्तक बाजूला सारलं, बादलीचं नवं पुस्तक उघडलं आणि चित्रावर माझा तळहात ठेवला.

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याचे डोळे चष्म्यामागे भरून आले.

"काही बिघडलं नाही," मी म्हटलं. "उद्यापासून सगळ्यांच्या आधी अर्धा तास यायचं. आपण दोघंच. कुणाला सांगायचं नाही." त्याने मान हलवली. मला वाटलं होतं तो रडेल, पण सुटल्यासारखा श्वास टाकून तो जाऊन बसला. हा एक कळला. रजिस्टरमध्ये असे किती असतील, ते मला ठाऊक नव्हतं आणि आता कधी कळणारही नव्हतं.

सुताराची मुलगी पाचवी आली. पुढचे दोन दात पडलेले, दोन वेण्या. तिलाही मी बादलीचंच पुस्तक दिलं, चित्र झाकून. ओळीखाली बोट ठेवून तिने टक्टक् वाचलं. माशाच्या पानावर चुकली, मागे गेली, स्वतःच दुरुस्त केलं. अस्सल वाचन. मग टेबलावरचं हत्तीचं पुस्तक तिने आपण होऊन उचललं आणि तेही वाचायला लागली. सातव्या पानावर थांबली.

"हे हाताने कुणी लिहिलंय?"

"मी."

"का?"

"पान हरवलं होतं. माझ्या वेळेवर लक्षात आलं नाही."

कोपऱ्यात फळीला रंधा मारणारा तिचा बाप क्षणभर थांबला. मग रंध्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तो आला. वाचनालय उघडायला तासभर अवकाश होता. हत्यारांची पेटी आणली नव्हती, धुतलेला शर्ट घालून आला होता. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसला तर गुडघे छातीला लागले. आम्ही दोघंही त्यावर हसलो नाही.

"पोरीला सांगितलं काल," तो म्हणाला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मग बाई तुला रागावल्या का?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, नाही."

हे खोटं होतं, आणि दोघांनाही माहीत होतं.

"मी रागावले होते," मी म्हटलं. "ते चुकलं माझं. आणि त्या दिवशी मान वर केली नाही, ते त्याहून चुकलं. तुझी एकवीस वर्षं मला भरून देता यायची नाहीत."

तो ओशाळला. "जाऊ द्या ना, बाई," म्हणाला आणि पुस्तकाकडे पाहू लागला. मला ते जाऊ द्यायचं नव्हतं, पण त्याच्यासमोर रडायचंही नव्हतं. मी एकवीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं. त्याच्या नावापुढचे तीन ठिपके त्याच्या देखत खोडले आणि रजिस्टर खणात ठेवून खण बंद केला. पाटी कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी होती.

बादलीचं पुस्तक मी त्याच्यापुढे उघडलं. चित्रावर हात ठेवला. पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. त्याने जाडजूड, चिरा पडलेलं बोट पहिल्या शब्दाखाली नेलं.

"वेळ लागेल, बाई."

"लागू दे."

बाहेर कुणीतरी सायकल उभी केली. दार हलवून पाहिलं आणि बंद आहे म्हणून निघून गेलं. आत त्याचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. एक अक्षर जुळलं, दुसरं निसटलं, तो पुन्हा मागे गेला. घामाचा थेंब पानावर पडला, तो त्याने घाईने बाहीने टिपला आणि चोरून माझ्याकडे पाहिलं.

मी त्याच्याकडेच पाहत होते.