चार तासांचं अंतर

"बारा वाजले," अप्पा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले. "आठला सुटलं ना विमान? चार तास झाले. कुठाय तुझा भाऊ?"

ताईने चमचाभर पाणी त्यांच्या ओठांना लावलं. आजचा दिवस निघाला तर निघाला, असं डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते. तीन रात्रींच्या जागरणाने तिची पाठ भरून आली होती.

विमानाची तिकिटं काढणाऱ्या ऑफिसात ती सव्वीस वर्षं कारकून होती. कुठलं शहर किती लांब, हे तिला झोपेतून उठवून विचारावं. स्वतः मात्र ती कधी विमानात बसली नव्हती. भाऊ परदेशी निघाला तेव्हा त्याचं तिकीट तिनेच काढलं. सात हजार तीनशे किलोमीटर, साडेनऊ तास.

अप्पा बसच्या डेपोत कंट्रोलर होते. पोहोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी तिकीट बघितलं. सुटणार दहाला, पोहोचणार दोनला. "चारच तास की! सकाळी निघाला तर जेवायला घरी!" तिथली घड्याळं साडेपाच तास मागे असतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते ऐकून आईने रडणं थांबवून डोळे पुसले, म्हणून ताई मूग गिळून बसली. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. तो उद्या अकरा वर्षं उजाडला नाही.

आई अचानक गेली. भाऊ पोहोचला दुसऱ्या दिवशी. "चार तासांवर राहतो आणि आईचं तोंड बघायला येत नाही!" त्यानंतर अप्पांनी त्याचा फोन घेतला नाही. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. पण आपली चूक कबूल करायची तिची छाती झाली नाही. आणि खरं सांगायचं तर, जवळ राहिलेलं गुणी लेकरू म्हणून मिळणारा मान तिला थोडा गोडही लागला होता.

"नाही यायचा तो." अप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"अप्पा, चार नाही, साडेनऊ तास लागतात. तिथलं घड्याळ वेगळं असतं. मला पहिल्यापासून माहीत होतं. मीच बोलले नाही."

त्यांची बोटं पांघरुणावर काहीतरी मोजत होती.

"म्हणजे आईच्या वेळेला..."

"निरोप मिळाल्या मिळाल्या निघाला होता तो."

"आणि मी त्याला नाही नाही ते बोललो." त्यांनी तोंड पुन्हा तिच्याकडे वळवलं. "लाव फोन."

"विमानात फोन बंद असतो, अप्पा."

"साडेपाचला उतरेल मग." हिशेब आता बरोबर होता; आठची वेळ ताईने इथल्या घड्याळाप्रमाणेच सांगितली होती. "साडेनऊ तास बसून पाय सुजतील त्याचे. पाणी तापवून ठेव."

तिच्यावर ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

अप्पा सव्वातीनला गेले.

सात वाजता भाऊ दारात उभा राहिला. त्याने सगळं बघितलं आणि बॅग खांद्यावर तशीच ठेवून खाली बसला.

"शेवटी काही म्हणाले, ताई? रागातच गेले ना?"

ताईने दुसऱ्यांदा तापवलेलं पाणी बादलीत ओतून त्याच्यासमोर ठेवलं.

"बूट काढ," ती म्हणाली. "अप्पांनी सांगून ठेवलंय."