मिश्रीची डबी आणि दुखरी दाढ

मित्रांनो, जरा मूठ मिटा. त्या मुठीत पत्र्याची एक चेपलेली डबी आहे, अशी कल्पना करा. झाकण काढताच जळक्या तंबाखूचा वास येतो. मी एक जुनी मिश्रीची डबी आहे. उघडून-मिटून आता पार थकले आहे.

कामतघरच्या चाळीतल्या ठमाआजीने मला धामणकर नाक्यावरून आणलं. तव्यावर भाजलेली तंबाखू कुटून ती माझ्यात भरी आणि दातांना लावी. दुपारी ओट्यावर आगऱ्यांची ठमाआजी, बौद्ध शेजारीण शांताबाई आणि मालेगावची हमीदाबी जमत. सुके बोंबील आजीचे, गोडमिट्ट चहा शांताबाईचा, पान-तंबाखू हमीदाबीची. सण तिघींचे निराळे, सवयी मात्र सारख्याच. दम लागला की "वय झालं", डोकं दुखलं की "ऊन लागलं".

"हार्ट अटॅक शेठलोकांना येतो. आपल्याकडं तेवढा पैसा हाय का?" शांताबाई म्हणायची आणि तिघी हसायच्या.

१९९१ सालच्या एका दुपारी आजीला दरदरून घाम फुटला.

"दाढ ठणकतेय गो, तुळजे. हातबी भरून आलाय. माझी डबी आन."

नात तुळजा मला घेऊन आली.

"दाबून लाव आक्का, थांबंल," शांताबाई म्हणाली.

हमीदाबीचं पान तोंडातच राहिलं. "रुको! मेरी आपा का भी जबडा ही दुखता था. हम लौंग दबाते रहे, और वो चली गई."

आजीचा हात माझ्यासाठी पसरलेला होता. तुळजाने मला दिलं नाही. मला मुठीत धरूनच ती नाक्याकडे पळाली आणि रिक्षा घेऊन आली.

आजी वाचली. डॉक्टरांनी तिघींना बजावलं, "बायकांच्या हृदयाचं दुखणं कधी दाढेत उठतं, कधी पाठीत. तंबाखू आणि खारट सोडा. ब्लडप्रेशर, साखर तपासून घ्या."

मित्रांनो, माझ्या पोटात काय भरावं, हे माझ्या हातात नव्हतं. तुम्ही मात्र आजीच्या "काही नाही गं"वर कधी विसंबू नका.

घरी आल्यावर आजीचा हात सवयीने उशाखाली गेला. तुळजाने तिच्यादेखत मला मोरीत पालथं केलं. मग ती ओट्यावर आली. शांताबाई घाईघाईने आपली डबी पदराखाली सारू लागली. हमीदाबीने पान-तंबाखूचा बटवा मुठीत आवळला.

तुळजा दोघींपुढे हात पसरून उभी राहिली.