पडद्यावर आलेलं पिंपाचं पाणी

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. खिडकीचा नव्हे हं, सिनेमाचा! तोही आरोग्याच्या सिनेमाचा. मंडईमागच्या एका शिंप्याने मांजरपाटाचे पन्हे जोडून मला शिवलं. दोन बांबूंमध्ये मला ताणून बांधलं, की वस्तीतली माणसं सतरंज्या घेऊन यायची. क्षयरोग, लसीकरण, हात धुणं, सगळं मी दाखवलं. गर्दी एवढी, की लोक माझ्या पाठीमागेही बसत. त्यांना सगळं उलटं दिसे, पण एकही जण उठत नसे. काय रुबाब होता माझा!

पुढे ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला आणि मी कपाटावर जाऊन पडलो. फार वाईट वाटायचं. यंदा मात्र आरोग्यसेविका नम्रताताईंनी मला झटकलं आणि खडकीच्या एका वसाहतीत नेलं. तिथला छोटा वरद डेंग्यूने दवाखान्यात होता. त्याचे शेजारी, निवृत्त कामगार सर्जेराव, दारातलं पिंप रिकामं करायला तयार नव्हते. त्यांची नात सृष्टी दिवसभर त्या पिंपाशीच खेळायची. ताईंना आता तिची काळजी लागली होती.

कार्यक्रमात ताईंनी पुन्हा विनंती केली, तेव्हा सर्जेराव सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो ताई, डास गटारात होतात. आमचं पाणी स्वच्छ आहे. तुमच्या ऑफिसात तरी मिळतं का असलं?"

लोक हसले. ताईंनी वाद घातला नाही. सिनेमा थांबवून त्यांनी त्याच पिंपातलं पाणी काचेच्या भांड्यात आणलं आणि प्रोजेक्टरच्या उजेडात धरलं. अन् काय सांगू, माझ्या अंगभर भल्यामोठ्या अळ्या वळवळू लागल्या!

"आजोबा, हे आपलं पाणी?" सृष्टीने विचारलं.

"काका, डेंग्यूच्या डासांना साठलेलं स्वच्छ पाणीच लागतं," ताई हळूच म्हणाल्या.

सर्जेराव उठले, पिंप आडवं केलं आणि काथ्याने आतून खसाखसा घासलं. मग शेजारचे उठले, मग सगळी वसाहत. सृष्टीला ताप आला नाही. वरदही बरा होऊन घरी आला.

आता कोणी आळस केला, की सर्जेरावच दटावतात, "पिंप घासा, नाहीतर पडद्यावर घेईन हं!" ते ऐकून माझी छाती फुगते.

मित्रांनो, माझी घडी नीट घाला, मला उंदरांच्या तावडीत देऊ नका. आणि घरातलं पिंप दर आठवड्याला घासून कोरडं करा. मला सगळं दाखवायला आवडतं. फक्त तुमच्या घरचं पाणी तेवढं माझ्यावर यायला नको.