नंदिताबद्दल एकेक ओळ

आमच्या घरी रोज संध्याकाळी मालिका संपली की निकाल लागतो. माझी मुलगी श्रद्धा फोन घेऊन बसते, घरातला प्रत्येक जण एकेक वाक्य सांगतो, आणि ती ते हिंदीत करून मालिकेच्या पेजवर टाकते. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही म्हणून हे सुरू झालं. आता सगळ्यांनाच चटक लागली आहे.

मालिकेची नायिका नंदिता. दोन वर्षं ती रडत होती, तेव्हा आमच्याकडे तिचे फार लाड. सासूबाई तिच्यासाठी डोळे पुसायच्या. "लिव, देवासारखी सून हाये." तिच्या नवऱ्यानं दुसरं घर थाटलं, तिची खोटी सही करून फ्लॅट विकला. त्याच्याबद्दल माझा नवरा रजत काय लिहायला सांगायचा? "भाई की एक्टिंग जबरदस्त."

गेल्या आठवड्यात नंदिताला दुसऱ्या शहरात मॅनेजरची जागा मिळाली. मी मनात ठरवलं, घरच्यांनी तिला बरं म्हटलं की आपलं सांगायचं. मला बिरसाच्या सरकारी शाळेत प्राचार्य म्हणून बढती मिळाली होती. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटहून रोज जाण्यायेण्यासारखं अंतर नाही. तिथेच राहायचं, शनिवारी घरी यायचं. उद्या दुपारपर्यंत होकार कळवायचा, नाहीतर जागा पुढच्या नावाला जाणार. अठरा वर्षं शिकवून मिळालेली गोष्ट मी टीव्हीतल्या बाईच्या भरवशावर ठेवली होती, इतकी मी भित्री.

आज नंदितानं बॅग भरली. आठ वर्षांच्या मुलाला जवळ घेतलं, आणि रडली नाही.

"बाई हाये का दगड?" सासूबाई म्हणाल्या. "पोट्टं टाकून चालली. लिव, असी माय वैऱ्यालेही नको."

"नवऱ्याच्या पगारात भागत नव्हतं काय तिचं?" सासरे म्हणाले. "लिव तसं."

सासरे तहसील कचेरीत होते. बदलीची गावं लालबर्रा, उकवा, मग हेच बिरसा. अकरा वर्षं ते फक्त रविवारपुरते घरी आले. रजतचं पहिलं पाऊल त्यांनी पाहिलं नाही. त्यांना कुणी दगड म्हटलं नाही. उलट सासूबाई बसस्टँडपर्यंत डबा घेऊन जायच्या.

"हे बाई आता डोक्यात जाते," रजत म्हणाला. "लिव, इसको मार दो सीरियल में."

मारून टाका. चहात साखर कमी आहे म्हणावं तसा म्हणाला.

श्रद्धा टाइप करता करता हसली. "मैं अपना भी डाल रही हूँ. ऐसी माँ से तो माँ न हो."

बारा वर्षांची माझी पोर. माझं डोकं तापलं. हे ती कुठे शिकली, ते विचारायची गरजच नव्हती. आम्ही सगळ्यांनी मिळून रोज तिची शिकवणी घेतली होती, आणि मी शिक्षिका असून गप्प बसले होते.

"मम्मी, तुझं राह्यलं. बोल ना."

"लिव," मी म्हटलं. "माझी बढती झाली हाये. मी बिरशाले प्राचार्य म्हणून जाऊन राह्यली. पोरगी इथंच राहीन, तिच्या बापाजवळ."

तिचा अंगठा मध्येच थांबला.

"काय बोलून राह्यली तू?" रजत म्हणाला.

"खरं तेच."

"अवो, आमी त्या सीरियलवालीले म्हणून राह्यलो होतो," सासूबाई म्हणाल्या. "तुले कोण काय म्हटलं?"

"मंग आता मले म्हणा, आई. जे तिले म्हटलं, तेच. दगड म्हणा. मारून टाका म्हणा. श्रद्धा लिवून घेते."

सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. साबणाची जाहिरात चालू होती.

रजतनं श्रद्धाकडे हात केला. "फोन ठेव. हे घरची गोष्ट हाये."

म्हणजे यांना कळत होतं. आपण बोलतो ते घरच्या बाईच्या नावानं चारचौघांत टाकण्यासारखं नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं. तरी परक्या बाईवर रोज ओतत होते, आणि माझ्या लेकीच्या हातून.

मी पर्समधून होकाराचा कागद काढला आणि सगळ्यांसमोर टीव्हीच्या टेबलावर ठेवून सही केली. राग इतका होता की सही वाकडी आली. श्रद्धा बघत होती. तिनं बघावं म्हणूनच मी तिथे केली.