रिकामी ताटली

नेपल्समध्ये जन्मभर भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या साबातिनोने मुलाला एकच गोष्ट शिकवली होती: गिऱ्हाइकाच्या तोंडचं कौतुक ऐकू नकोस, परत आलेली ताटली बघ. कड उरली, तर पिझ्झा फसला.

आज मुलाच्या, म्हणजे कार्मिनेच्या, नव्या कोऱ्या दुकानात तो पहिल्यांदाच जेवायला बसला होता. लाकडाच्या आचेवर कड उशीसारखी फुगली होती, चवही झकास होती. पण म्हाताऱ्याच्या नव्या कवळीने त्या कडेपुढे हात टेकले. भट्टीजवळून कार्मिनेची नजर त्याच्याकडेच लागली होती.

"नुन्झिया, पर्स उघड," साबातिनो बायकोच्या कानाशी कुजबुजला.

"वेडा झालास? माझी जपमाळ आहे आत! कवळीचं सांगून टाक की त्याला."

"तोंडचं ऐकायचं नाही, हे मीच शिकवलंय ना!"

कार्मिने भट्टीकडे वळला की कडेचा एकेक तुकडा रुमालात गुंडाळून पर्समध्ये गेला. रिकामी ताटली आत पोचली आणि डोळे पुसत कार्मिने धावत आला.

"बाबा, कडसुद्धा ठेवली नाहीत! थांबा, आणखी एक भाजतो, याहून मोठा!"

नुन्झियाने फुगलेली पर्स पोटाशी धरली.

"आता तुझे खिसे उघड," ती हसऱ्या तोंडाने पुटपुटली.