शेळीच्या तोंडचं वाक्य

तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिने त्या गावाची पार वाट लावली होती. कारंजं फोडलं, बस छपरावर चढवली, नगराध्यक्षाला शिंगावर घेऊन तलावात टाकलं. शेळी मात्र ‘बें’च्या पुढे जायला तयार नव्हती.

शेळी व्हिडिओ गेममधली आणि तिचा आवाज नवऱ्याचा. तो आवाजाचा कलाकार. चार वर्षांपूर्वी बंद खोलीत बसून तो दोन दिवस नुसता बें बें करत होता, तेव्हापासून ती त्याला बोकडोबा म्हणायची. यंदा त्याच्या घशात गाठ निघाली, आणि गाठीबरोबर आवाजही कापून काढावा लागला. आता गळ्याला भोक आणि हातात पाटी.

त्यात बातमी आली, की लोकांना कंटाळा आला म्हणून शनिवारी दुपारी बाराला हा गेम कायमचा बंद होणार. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड! नवऱ्याने पाटीवर लिहिलं होतं, “त्यात माझं एक वाक्य आहे. बें बें चालू असताना तुझा फोन आला होता. मी म्हणालो, आलो गं, आलो. गेमला आवाज जोडणारीने गंमत म्हणून ठेवलं.”

“कुठे ठेवलं?”

“विसरलो.”

आवाज जोडणारी देश सोडून गेली होती. बाकी त्याच्या आवाजाचा बाजारात ढीग होता: दरोडेखोर, डॉक्टर, एक बोलकी कढई. त्यात तो स्वतः कुठेच नव्हता. घरी तो घसा जपायचा. हाक मारली की “आलो गं, आलो” म्हणायचा आणि अर्ध्या तासाने उगवायचा. या वाक्याचा तिला इतका राग होता, की ते पुन्हा ऐकायला ती जीव टाकेल, असं तिला कुणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

तिने रजा टाकली, पडद्यासमोर फोन रेकॉर्डिंगला लावला आणि कोचावर बसून उंटावरून शेळ्या हाकायला लागली. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तिची एकोणीस वर्षं गेली होती. एक नळी फुटू दिली नव्हती, एक चिठ्ठी चुकू दिली नव्हती. गेममधल्या दवाखान्यात शेळीने काचेच्या बाटल्यांचं अख्खं कपाट आडवं केलं, तेव्हा ती ओरडलीच. मग खो खो हसली. तिथला डॉक्टर भिंतीवर आपटला, उठला, कपडे झटकले आणि चालू लागला. त्या गावात कुणाला काही होतच नव्हतं. गाडी अंगावरून गेली तरी माणूस उठायचा. असं गाव सोडून इकडे कशाला यायचं, असं तिला वाटलं आणि हसता हसता रडू फुटलं.

“सोड,” नवऱ्याने पाटी पुढे केली.

“तुम्ही गप्प बसा!” ती खेकसली, आणि आपण काय बोललो हे कळून तिने जीभ चावली. तो गालातल्या गालात हसला आणि चहा टाकायला आत गेला.

पावणेबारा. तिने शेळीला आगीतून नेलं, पाण्यात बुडवलं, विमानाला लटकवलं. “बोला ना! एकदा बोला, पाया पडते तुमच्या,” ती पडद्याला म्हणाली. बें. हात घामाने चिकट झाले होते. बाराला चार मिनिटं असताना तिने शेळी चालवायचा बटणांचा डबा कोचावर टाकला, फोनचं रेकॉर्डिंग बंद केलं आणि तोंड झाकून बसली. शेळी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. तिला कुणी पळवेना, कुणाला ढुशी मारायला लावेना. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिला कुणी एकटं सोडलं होतं.

शेळीने कान हलवला.

“आलो गं, आलो!”

“लवकर या हो!” तिच्या तोंडून सवयीने गेलं. मग तिने झडप घालून फोन उचलला. घाईत रेकॉर्डिंगचं बटण सापडेना. सापडलं. शेळीला हात न लावता, श्वास रोखून ती बसून राहिली. पुन्हा बोलेल, आता बोलेल. शेळीने कान हलवला, तोंड उघडलं आणि पडदा काळा झाला.

नवरा कप घेऊन दारात आला. आत नळ सोडला होता, त्याने काहीच ऐकलं नव्हतं. तिचा चेहरा बघून त्याने कप खाली ठेवले आणि पाटी घेतली.

“बोलली?”

तिने मान डोलावली.

त्याने घाईघाईने लिहिलं, “कसा होता माझा आवाज?”

तिने डोळे मिटले. आत्ता, या क्षणी तो कानात होता, ‘गं’वर जरा लांबलेला, थोडा वैतागलेला. तो निसटायच्या आत त्याला दाखवावा म्हणून तिने घाईने तोंड उघडलं.

“आलो गं, आलो.”

तो वाट बघत राहिला. तिने पुन्हा म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी ते तिच्याच आवाजात येत होतं.